नदी नसलेला देश

चौतीस वर्षं मी भूगोल शिकवला. उमरेडच्या शाळेत माझ्या वर्गातलं जे पोरगं नकाशाला सूची जोडणार नाही, त्याचे दोन मार्क मी डोळे मिटून कापायचो. मग ते हेडमास्तरांचं असो नाहीतर सरपंचाचं. 'गजभिये सरांचे दोन मार्क' अशी म्हणच पडली होती तिथे. असा मी, आणि वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावात, एका दहा वर्षांच्या मुलीने मला माझ्याच विषयात नापास केलं. दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

ही मुलगी म्हणजे माझी नात अनिका. माझी मुलगी उपासना इथे एका औषधांच्या कंपनीत आहे, जावई प्रफुल्ल कॉम्प्युटरवाले. सकाळी दोघं दोन गाड्या काढून दोन दिशांना जातात आणि घरात मी उरतो. नोव्हेंबरात आलो तो सहा महिन्यांसाठी. बायकोच्या, म्हणजे संघमित्राच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे ती नागपुरातच मुलाकडे राहिली आणि रोज फोनवरून माझी खबर घेत राहिली. अनिकाला मराठी सगळं समजतं, पण ती उत्तर इंग्रजीत देते. मला इंग्रजी समजतं, मी उत्तर मराठीत देतो. भांडायला यात काही अडचण येत नाही.

मार्चमध्ये एके दिवशी अनिका शाळेच्या बसमधून उतरली, घरात आली, दप्तर सोफ्यावर फेकलं आणि तोंड उशीत खुपसून रडायला लागली.

"काहून गं? काय झालं?"

"आय गॉट माल्टा!" ती उशीतून ओरडली.

मला वाटलं काहीतरी रोग आहे. हळूहळू उलगडा झाला. त्यांच्या शाळेत दरवर्षी 'कंट्री नाइट' असते. संध्याकाळी जिमच्या हॉलमध्ये प्रत्येक मुलाला एक टेबल. चिठ्ठीत जो देश निघेल त्याचा भूगोल, अर्थव्यवस्था, संस्कृती सगळं त्या टेबलावर मांडायचं. बाकीची मुलं आणि पालक हातात कागदाचा पासपोर्ट घेऊन फिरतात आणि ज्या टेबलावर थांबतील तिथला शिक्का घेतात. यंदाचा विषय भूमध्य सागराकाठचे देश. तिच्या वर्गातल्या देवांगला इटली मिळाली होती. कुणाला ग्रीस, कुणाला स्पेन. आणि आमच्या बाईला माल्टा.

"आबा, इट्स अ डॉट! यू कान्ट ईव्हन सी इट ऑन द मॅप!"

खरं दुःख निराळं होतं, ते उपासनाने संध्याकाळी सांगितलं. मागच्या वर्षी अनिकाच्या वाट्याला बेलारूस आलं होतं. अख्ख्या संध्याकाळी तिने चार शिक्के मारले. त्यांतले दोन आईबापांचे, एक टीचरचा, आणि चौथा अशा मुलाचा ज्याला बाथरूम कुठे आहे ते विचारायचं होतं. दोन तास पोरगी शिक्का हातात धरून उभी राहिली होती. यंदा ती म्हणत होती, मी त्या दिवशी पोट दुखतंय म्हणून घरीच राहते.

हे ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. गजभिये सरांची नात, आणि भूगोलाच्या टेबलावर माशा मारणार? मी प्रफुल्लला म्हटलं, "जावईबापू, मला प्लायवूड पाहिजे. चार फूट बाय तीन फूट."

"मामाजी, शाळेत तीन पदरी बोर्ड चालतो. रेडीमेड मिळतो."

"बोर्ड लावा भिंतीला. मी उठावाचा नकाशा करणार."

उठावाचा नकाशा म्हणजे डोंगर-दऱ्या वर आलेल्या, हात फिरवून पाहता येईल असा. मी आयुष्यात असे बावीस केले. कागदाचा लगदा, मैद्याची खळ आणि कीड लागू नये म्हणून मेथीची पूड, झालं. पण अमेरिकेत रद्दीच नाही हो! कोणाकडे पेपर येत नाही. शेवटी दर आठवड्याला टपालाच्या पेटीत येणारी किराणा दुकानांची रंगीत पत्रकं मला सापडली. बिचारी कोणी वाचत नाही. मी शेजारच्या सहा घरांमधून ती मागून आणली, दोन दिवस बादलीत भिजवली आणि उपासनाच्या मिक्सरमधून काढली. मिक्सरचं काय झालं ते विचारू नका, ती अजून बोलते.

रंगाचंही आपोआप जमलं. माल्टा सगळा पिवळसर चुनखडीचा. घरं, किल्ले, कुंपणं, सगळं त्याच दगडाचं. आणि कॅरीत त्याच दिवसांत पाइनच्या झाडांवरून परागांचा पिवळा भुका झडत होता. गाड्या पिवळ्या, पायऱ्या पिवळ्या, माणसं शिंकून हैराण. मी प्रफुल्लच्या गाडीच्या टपावरून ब्रशने तो भुका गोळा केला, व्हार्निशमध्ये कालवला आणि बेटावर फासला. हुबेहूब चुनखडी! अनिका पहिल्यांदा हसली ती तेव्हा. शिंकता शिंकता हसली.

मग ती रोज शाळेतून आल्यावर माझ्याशेजारी गॅरेजमध्ये बसायला लागली. माझी शिकवायची पद्धत ठरलेली. स्थान, विस्तार, प्राकृतिक रचना, नद्या, हवामान, पिके, खनिजे, उद्योग, लोकजीवन. याच क्रमाने, इकडचं तिकडे नाही. ती टॅब्लेटवरून वाचून दाखवायची आणि मी मांडणी करायचो. देश केवढा, तर आमच्या नागपूर शहरापेक्षा थोडा मोठा. वस्ती पाच लाखांच्या वर. उन्हाळा कोरडा ठणठणीत, पाऊस हिवाळ्यात. पीक म्हणाल तर बटाटे, टोमॅटो, द्राक्षं. कमाई येते पर्यटकांकडून, जहाजांच्या नोंदणीतून आणि इंटरनेटवरच्या खेळांच्या कंपन्यांतून. भाषा मुळात अरबीची नातेवाईक, त्यात इटालियन शब्दांची खोगीरभरती, आणि लिहायची रोमन लिपीत.

"म्हणजे आपल्या घरासारखी," मी म्हटलं.

मासेमारीच्या होड्यांवर पुढच्या बाजूला दोन डोळे रंगवतात, नजर लागू नये म्हणून. काही चर्चना दोन घड्याळं असतात. त्यांतलं एक खोटं, सैतानाला खरी वेळ कळू नये यासाठी. मी म्हटलं, "सगळी अंधश्रद्धा!" पण सैतान घड्याळ बघून येतो ही कल्पना मला मनातून आवडली.

"आणि खाली सूची पाहिजे," मी बजावलं. "नकाशात जे जे आहे ते सूचीत. नाहीतर दोन मार्क कट."

"आबा, नोबडी रीड्स द लेजंड."

"ज्याला नकाशा वाचायचाय तो वाचतो."

तिने डोळे फिरवले. हे डोळे फिरवणं ती आईकडून शिकली आहे.

आता माझा पराक्रम सांगतो. कंट्री नाइटच्या आठ दिवस आधी, ती शाळेत असताना, मला फार उत्साह आला. प्राकृतिक रचना झाली होती, म्हणजे पुढचं प्रकरण नद्या. पश्चिमेकडे उंच कडा, पूर्वेकडे उतार, मधे दोन दऱ्या स्पष्ट दिसत होत्या. पाहायचं काय त्यात? डोंगर आहे तिथे नदी असणारच. मी निळा ऑइल पेंट उघडला आणि दोन नद्या काढल्या. एकीला उपनदीही दिली. फार देखणी वळणं आली होती.

अनिका आली, तिने नकाशा पाहिला आणि किंचाळली.

"आबा! देअर आर नो रिव्हर्स इन माल्टा!"

"असं कसं होईल? उतार दिसत नाही तुला?"

"झीरो! नॉट ईव्हन वन!" तिने टॅब्लेट माझ्या नाकासमोर धरला. मी म्हटलं, टॅब्लेट काहीही सांगतो. मी म्हटलं, चौतीस वर्षं तू शिकवलंस की मी? मी म्हटलं, नदीशिवाय देश असतो का कुठे, लोक काय हवा पिऊन राहतात? आवाज इतका चढला की समोरची बाई कुत्र्याला घेऊन थांबून बघायला लागली. तेवढ्यात प्रफुल्ल घरी आले. त्यांनी दोन ठिकाणी पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "मामाजी, ती बरोबर आहे. बारमाही नदी एकही नाही तिथे."

अनिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. "यू रुइन्ड इट," ती म्हणाली आणि वर निघून गेली.

मी कोट घालून बाहेर पडलो. तळ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. इथे जिकडेतिकडे तळी, त्यांत बदकं. आता लाज वाटत होती मला, सरळच सांगतो. ज्या पोरीचं टेबल वाचवायला निघालो होतो, त्याच टेबलावर मी निळा रंग ओतून ठेवला होता. आणि निघायला तीन आठवडे उरले होते. नंतर ती मला काय म्हणून लक्षात ठेवणार? शिवाय डोकं ठणकत होतं. 

जेवण झाल्यावर मी वर गेलो, अनिकाचं दार वाजवलं आणि म्हटलं, "चूक माझी. आता एक सांग. नदी नाही, तर ते लोक पाणी कुठून पितात?"

ती थोडा वेळ फुगून बसली. पण मी चांगला प्रश्न विचारला होता, आणि तिला न शोधता राहवलं नाही. आम्ही दोघं पलंगावर बसून वाचायला लागलो. आज निम्म्याहून जास्त पाणी समुद्रातून येतं, खारेपणा काढून. आणि पूर्वी? पूर्वी पावसाचं. छपरावरचं पाणी नळीतून खाली, घराखालच्या खडकात खोदलेल्या विहिरीत. मला कान्हेरीची लेणी आठवली. तिथेही भिक्खूंच्या खोलीजवळ खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत, पावसाळ्यात आपोआप भरणारी. मी तिला ते सांगत होतो आणि ती पुढचं वाचत होती. चारशेहून जास्त वर्षांपूर्वी त्यांनी नवी राजधानी वसवली, तेव्हा नियमच केला होता. घर बांधायचं तर त्याला स्वतःची विहीर हवी.

"परत वाच," मी म्हटलं.

तिने परत वाचलं. प्रत्येक घराला स्वतःची विहीर. कायद्याने.

मी चष्मा काढून पुसायला लागलो. तिने विचारलं, "आबा, व्हॉट हॅपन्ड?"

मी सांगून टाकलं. आमच्या गावात विहीर एकच होती आणि आम्हाला तिला हात लावायची परवानगी नव्हती. माझी आई घागर घेऊन बाजूला उभी राहायची. वरच्या आळीतल्या कोणाला दया आली तर ते लांबून, उंचावरून पाणी ओतायचे. नाही आली तर ती तशीच उभी. मी सहा वर्षांचा असेन, तिचा पदर धरून मीही उभा. पुढे आमच्या वस्तीने स्वतः खणून विहीर काढली, पण ती पुढे.

"बट व्हाय?" अनिका म्हणाली.

  "माणसं मूर्ख असतात म्हणून," मी म्हटलं. "बाबासाहेब त्यासाठीच भांडले." दिवाणखान्यातला त्यांचा फोटो तिने लहानपणापासून पाहिलेला.  मग ती एकदम पलंगावरून उठली.

"आबा! लेट्स मेक इट रेन!"

कल्पना सगळी तिची, मी फक्त गवंडी. नद्यांवर पुन्हा पिवळा थर दिला आणि त्या जागी घरं आली. काड्यापेट्या इथे मिळेनात, म्हणून औषधांची पुठ्ठ्याची खोकी कापली. छपराला उतार, उताराच्या टोकाला स्ट्रॉ, स्ट्रॉखाली प्लायवूडला भोक पाडून बसवलेली काचेची इवलीशी बाटली. बाटल्या क्राफ्टच्या दुकानातून आणल्या, बाराचं पाकीट. म्हणजे बारा घरं, बारा विहिरी. मी स्वतः मोजून बसवल्या. छपरावर पाणी ओतलं की समोरून विहीर भरताना दिसायची. पाऊस पाडायला उपासनाच्या देव्हाऱ्यासारख्या कपाटातला, बुद्धमूर्तीजवळचा पितळी गडू घेतला. "बाबा, तो तरी धड ठेवा," ती म्हणाली.

"आय विल डू द लेजंड," अनिकाने जाहीर केलं. "यू डोन्ट लुक." तिने खालच्या कोपऱ्यावर कागद चिकटवून टाकला आणि मला तिकडे फिरकू दिलं नाही. मी मनात म्हटलं, नक्की अर्धी करणार आणि दोन मार्क घालवणार. त्याच दिवसांत माझी बामची बाटली सापडेना, आणि उपासनाने साफसफाईत फेकली असणार, असं म्हणून मी तिच्यावर चिडलो.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही तो नकाशा गाडीच्या मागे घालून शाळेत नेला. हॉलमध्ये शिरलो आणि माझा धीर सुटला. अनिकाच्या उजवीकडे देवांगची इटली. डोक्यावर शेफची उंच टोपी, आणि टेबलावर पिझ्झाचे वीस खोके. डावीकडे फ्रान्स, तिथे क्रोसाँ. आमच्याकडे खायला काही नाही. उपासनाने वाटाण्याच्या करंज्या करायचं ठरवलं होतं, कारण माल्टात तसल्याच करंज्या मिळतात. पण घरचं खाणं आणू नये, असा शाळेचा नियम निघाला.

पहिली वीस मिनिटं कोणी फिरकलं नाही. इटलीपुढची रांग आमच्या टेबलासमोरून वळून गेली होती, आणि त्यातली मुलं आमच्याकडे पाठ करून उभी होती. अनिका शिक्का हातात धरून उभी. होडीवरच्या डोळ्याचा शिक्का होता, आम्ही रबरावर कोरलेला.  मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. तिने मला आधीच ताकीद दिली होती, की आबा, तू बोलायचं नाहीस. असं गप्प बसणं मला आयुष्यात जमलेलं नाही, पण मी बसलो. तोंडावर हात ठेवून बसलो.

मग तिने गडू उचलला. रांगेतल्या, पाठ केलेल्या एका लहान मुलीच्या खांद्यावर टकटक केलं आणि विचारलं, "डू यू वॉना मेक इट रेन?"

असं विचारल्यावर नाही म्हणणारं मूल जगात नाही. मुलीने गडू घेतला, छपरावर ओतला, पाणी स्ट्रॉमधून खाली धावलं आणि बाटली भरली. ती इतक्या जोरात ओरडली की अख्खी रांग वळली. त्यानंतर मला फक्त हात दिसत होते. एकाच वेळी चार जण गडू ओढत होते. अनिका ओरडत होती, "वन हाउस, वन वेल! दॅट्स द लॉ!" इटलीची रांग तुटून आमच्याकडे आली. देवांगसुद्धा शेफची टोपी काखोटीला मारून आला आणि दोनदा पाऊस पाडून गेला. प्रफुल्ल बादली घेऊन नळाकडे पळत होते. फरशीवर पाणी झालं, साफसफाईवाले काका मॉप घेऊन धावत आले, आणि फरशी पुसून झाल्यावर त्यांनीही खिशातून पासपोर्ट काढला. टीचर मिस कार्टर म्हणाल्या, "अनिका, तुझ्या शिक्क्याची शाई संपेल आता." मला तर नाचावंसं वाटत होतं. उपासनाने माझा हात घट्ट धरून ठेवला होता, कदाचित त्यासाठीच.

गर्दी थोडी ओसरली तेव्हा अनिकाने मागे वळून हाक मारली. "आबा, युअर टर्न!"

मी उठलो. तिने गडू माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "नंबर थर्टीन."

"तेरा कुठून आणलं? बाराच आहेत. मी बसवलीत."

"रीड द लेजंड!"

मी चष्मा चढवला आणि खाली वाकलो. कोपऱ्यावरचा कागद तिने काढला होता. सूची पूर्ण होती. डोंगर, बंदर, मिठागरं, दोन घड्याळांचं चर्च. घरं एक ते बारा, सगळं इंग्रजीत. आणि सगळ्यात खाली, बापाकडून गिरवून घेतलेल्या वाकड्यातिकड्या मराठी अक्षरांत: '१३. आबाची विहीर.'

मी नकाशात तेरा आकडा शोधला. अगदी कडेला, त्या कागदाने झाकलेल्या भागात, जिथे मी माझी लांबलचक नदी काढली होती तिथे, एक लहान घर होतं. त्याच्या दाराशी काड्यांची दोन माणसं, एक मोठं, एक छोटं. छपराच्या नळीखाली माझी बामची बाटली. चार दिवस जिच्यासाठी मी घर डोक्यावर घेतलं होतं ती.

"हे घर माल्टात नाही, अनिका," माझ्या तोंडून गेलं. सवय, दुसरं काय.

ती मराठीत बोलली. एकेक शब्द जुळवत, अडखळत, पण मराठीत. "तुझ्या आईला विहीर नव्हती ना. म्हणून मी दिली."

मी गडू धरून तसाच उभा राहिलो. मागे रांगेत एक गोरे आजोबा उभे होते, ते नम्रपणे म्हणाले, "सर, तुम्ही ओतताय ना?" मी मान हलवली आणि ओतायला लागलो. पाणी छपरावरून घसरलं, नळीतून उतरलं, बाटलीत चढू लागलं. बामचा वास आला. बाटली भरली. मी ओततच राहिलो.

"आबा, बस! ओव्हरफ्लो होतंय!"

"होऊ दे," मी म्हटलं.